मामा, झोप लागते का?

आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेने मला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि म्हणाली, "या वर्षी तुझा लेख पाहिजे." मी म्हटलं, "अगं, मी कॉन्व्हेंटवाली! मला एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन की एटी नाइन हे अजून बोटांवर मोजावं लागतं." ती म्हणाली, "मग आकडे अंकात लिही." तर मित्रांनो, आकडे अंकात आहेत. शुद्धलेखनाच्या चुका मात्र पोटात घाला.

विषय मी निवडला नाही, तो आमच्या घरातच होता. फक्त कोणी बोलत नव्हतं.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. तिकडे घरटी नाही तरी आळीला एक फौजी हा ठरलेलाच. त्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि त्यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ गावात आहे. अशा मुलखात मामा फौजी असणं म्हणजे काय, हे सांगायला नको. माझा मामा इन्फंट्रीत हवालदार होता. गौरी-गणपतीला तो सुट्टीवर आला की आम्ही सगळी भावंडं त्याच्याभोवती कोंडाळं करायचो आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारायचो.

"मामा, तू किती जणांना मारलंस?"

मामा हसायचा, "चला रे, आरतीची तयारी करा" म्हणायचा आणि उठून मागच्या दारी जायचा. आम्हाला वाटायचं, आकडा खूप मोठा असणार, म्हणून सांगत नाही. सात-आठ वर्षांची मुलं होतो आम्ही. पण खरं सांगू? तोच प्रश्न मी मोठ्या माणसांनाही विचारताना ऐकलाय. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.मध्ये, अगदी सलूनमध्ये सुद्धा.

मामा २०१५ ला निवृत्त झाला, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. आता एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सेकंड इयरला असताना मी काही दिवस त्याच्याकडे राहिले होते. आमचा सबमिशनचा सीझन चालू होता. तो काय प्रकार असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही! रात्री तीन वाजता ड्रॉइंग शीटवर मान मोडून बसले होते, आणि बघते तर बाल्कनीत मामा. खुर्चीत ताठ बसलेला. दुसऱ्या रात्री तसाच. तिसऱ्या रात्री मी दोन कप चहा केला आणि शेजारी जाऊन बसले.

"मामा, तुला झोप लागत नाही का रे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "न्हाई गं. सवय हाय पहाऱ्याची." आणि मग, मी काहीही न विचारता, तो त्याच्या जोडीदाराबद्दल बोलायला लागला.

फौजेत जोडीला 'बडी' म्हणतात. एकत्र ड्यूटी, एकत्र जेवण, एकमेकांवर नजर. मामाचा बडी आमच्याच भागातला. गावी त्याच्या जमिनीचं भांडण चाललेलं. चुलत्याने बांध कोरलेला, कोर्टाच्या तारखा पडत होत्या, म्हातारी आई एकटी. तो हजारो मैलांवर. घरून फोन आला की दोन दिवस जेवायचा नाही. त्या वेळी सुट्टी मिळाली नाही. नंतर मिळणार होती. त्या 'नंतर'च्या आधीच त्याने आत्महत्या केली.

"तू कोणाशी बोलला नाहीस? त्याच्याबद्दल, तुझ्याबद्दल?" मी विचारलं.

"बोललो असतो तर कॅटेगरी लागली असती," मामा म्हणाला.

मला काही कळलं नाही. आमच्याकडे कॅटेगरी म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म. मग त्याने समजावून सांगितलं, आणि नंतर मी जमेल तेवढं वाचून काढलं. ते वाचून झाल्यावर वाटलं, यावर लिहायलाच पाहिजे.

आपल्या सैन्यदलात प्रत्येकाची वैद्यकीय प्रतवारी असते, तिला 'शेप' म्हणतात. इंग्रजी पाच अक्षरं, पाच गोष्टी : मानसिक स्थिती, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. प्रत्येकाला १ ते ५ असा दर्जा. सगळीकडे १ असेल तर 'शेप-१', म्हणजे एकदम फिट. गंमत बघा, त्या शब्दातलं पहिलंच अक्षर 'एस', आणि ते मनाचं आहे. म्हणजे ज्यांनी ही पद्धत बनवली त्यांना मन महत्त्वाचं आहे हे चांगलंच ठाऊक होतं. पण जवानाच्या बाजूने बघा. दर्जा खाली आला तर प्रमोशन अडू शकतं, पोस्टिंग बदलू शकतं. शिवाय गुडघ्यामुळे कॅटेगरी लागली तर लोक म्हणतात, "बिचारा." मनामुळे लागली तर म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय." ते गावापर्यंत पोचतं. मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतं. मग माणूस गप्प बसतो. मामा अठरा वर्षं बसला.

आता थोडे आकडे. (अंकात!) जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत उत्तर दिलं : आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली. लष्कर ६४२, हवाई दल १४८, नौदल २९. भागाकार केला तर साधारण दर सव्वादोन दिवसांना एक.

इथे कोणी हुशार मित्र म्हणेल की लष्कर आहे सुमारे १२ लाखांचं, म्हणजे वर्षाला लाखामागे दहा-अकरा झाले. आणि २०२१ मध्ये सगळ्या देशाचा दर लाखामागे १२ होता. मग फौजेत वेगळं काय? बरोबर आहे, मीही आधी असाच विचार केला. पण एक गोष्ट विसरू नका. ही माणसं निवडून घेतलेली आहेत. धावून, तपासून, एक्स-रे काढून. रोज पीटी, वेळेवर जेवण, पक्का पगार, शेजारी चोवीस तास सोबती आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर. अशा गटाचा आकडा देशाच्या सरासरीच्या खूप खाली असायला हवा होता. तो जवळपास तेवढाच आहे, हीच तर काळजीची गोष्ट.

अमेरिकेतलं चित्र आणखी भयंकर आहे. ब्राउन विद्यापीठाच्या २०२१ च्या एका अभ्यासानुसार ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांमधल्या लष्करी मोहिमांत त्यांचे ७,०५७ सैनिक मेले, आणि त्याच काळातल्या सेवेतल्या व माजी सैनिकांपैकी सुमारे ३०,१७७ जणांनी आत्महत्या केली. मोहिमांत मेले त्याच्या चौपट! निदान त्यांचं माजी सैनिक खातं दरवर्षी या विषयावर अहवाल काढून आकडे लोकांसमोर ठेवतं. आपल्याकडेही असा वार्षिक अहवाल निघायला काय हरकत आहे?

आपल्याला वाटतं, हे सगळं गोळीबारामुळे, बर्फामुळे, अतिरेक्यांमुळे होत असेल. तेही आहेच. पण युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या दिल्लीच्या संस्थेत एका कर्नलसाहेबांनी केलेला अभ्यास जानेवारी २०२१ मध्ये गाजला होता. निम्म्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली दिसतात, असा त्यातला निष्कर्ष. लष्कराने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. मला त्यातली कारणांची यादी महत्त्वाची वाटली. जवानांच्या बाबतीत कारणं काय? सुट्टी नाकारणं किंवा लांबवणं, कामाचा बोजा, घरच्या अडचणी, वरिष्ठांकडून अपमान, मान न मिळणं, मोबाइलवरची बंधनं. यात शत्रू कुठे आहे? सुट्टी, बांध, फोन, अपमान. मामाच्या बडीची अख्खी गोष्ट त्या यादीत आहे.

म्हणून मला 'ताण म्हणजे सीमेवरची किंमत, ती मोजावीच लागणार' हे म्हणणं पटत नाही. बर्फ कमी करता येणार नाही, पण सुट्टीचा अर्ज वेळेत निकाली काढता येतो. गावातल्या तलाठी कार्यालयात फौजीच्या आईला खेटे घालायला न लावणं तर आपल्याच हातात आहे. सियाचीनला त्याचा काय संबंध?

मी मेकॅनिकलची. आम्हाला 'फटीग' नावाचा टॉपिक आहे. (ओरल्सला हमखास विचारतात, वाचून जा.) एकोणिसाव्या शतकात युरोपात रेल्वेचे आंस अचानक तुटायला लागले. लोड तर नेहमीचाच, क्षमतेच्या आतला. मग तुटतात का? वोलर नावाच्या जर्मन इंजिनियरने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एकदाच आलेला मोठा भार सोसणारं पोलाद, त्याहून कितीतरी कमी पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तुटतं. आतमध्ये बारीक तडा पडतो, तो वाढत जातो, बाहेरून काही दिसत नाही. त्यावर आपण काय केलं? पोलादाला भित्रं म्हटलं का? 'खरं पोलाद असतं तर तुटलं नसतं' असं कोणी म्हटलं का? नाही. आपण तपासण्या काढल्या. भाग न तोडता तडा दाखवणाऱ्या अल्ट्रासॉनिक, डाय पेनिट्रंट वगैरे. ठरलेल्या तासांनंतर भाग उतरवून बघायचा, तडा लहान असतानाच पकडायचा. लोखंडाला आपण जेवढी समज दाखवतो तेवढी माणसाला का दाखवत नाही?

इतिहास बघितला तर शरीराच्या जखमेला आपण लवकर मान दिला. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढे खडकीला आली आणि आजही आहे. त्याच युद्धात, १९१५ मध्ये, 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. पण त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश आणि साम्राज्याच्या फौजांतल्या ज्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या, त्यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ मध्ये. त्यातले कितीतरी शेल शॉकचे रुग्ण असावेत, असं आज मानतात. तुटलेल्या पायाला इन्स्टिट्यूट आणि तुटलेल्या मनाला गोळी. समजायला नव्वद वर्षं लागली.

आपला कायदाही अर्ध्या वाटेवर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ कलम त्या रूपात राहिलं नाही. पण १९५० च्या आर्मी ॲक्टच्या ६४ व्या कलमात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा म्हणून आहे. म्हणजे साध्या नागरिकाला जी दया, ती गणवेशातल्या माणसाला पुस्तकात तरी नाही. हे बदलायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता सगळं वाईटच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. फौजेत अधिकाऱ्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देतात, हेल्पलाइन आहेत, योग-ध्यानाचे वर्ग आहेत. आणि आपल्या पुण्याने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट : 'टेली मानस' ही देशाची मोफत मानसिक आरोग्य फोनसेवा ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, आणि सैन्यदलातल्या माणसांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास विभाग १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये सुरू झाला. फोनच्या दुसऱ्या टोकाला फौजेचं आयुष्य समजणारं माणूस असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

तरी माझा मुद्दा उरतोच. एका निवृत्त काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हातात बंदूक असलेल्या माणसाचं मन ठिकाणावर आहे की नाही हे कमांडरला कळायलाच पाहिजे. कॅटेगरी उगीच नाही." मान्य. शंभर टक्के मान्य. पण काका, भीतीपोटी माणूस बोलतच नसेल, तर कमांडरला काय कळणार? कोरा कागद! माझं म्हणणं एवढंच, की कॅटेगरी राहू द्या, पण पहिली पायरी रेकॉर्डवर नको. पहिल्या काही भेटी, पहिले काही फोन गुप्त राहू द्या. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तरच पुढे कळवा. आणि बरा झालेल्या माणसाला पुन्हा पूर्ण दर्जा मिळाला, त्याचं प्रमोशन झालं, हे युनिटमध्ये सगळ्यांना दिसू द्या. अशी एक गोष्ट दहा व्याख्यानांचं काम करील.

आणि निवृत्तीनंतर? माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. पण तिथे लोक जातात ते डोळ्यांसाठी, शुगरसाठी, पेन्शनच्या कागदांसाठी. "मला झोप लागत नाही" असं म्हणून कोण जातं? ज्या वयात आपले बाबा लोक ऑफिसात वरच्या खुर्चीवर पोचतात, त्या वयात फौजी नव्याने नोकरी शोधतो. काल ज्याच्या हाताखाली दहा माणसं होती तो आज गेटवर आपल्या गाड्यांचे नंबर लिहितो, आणि आपण आयकार्ड दाखवायला लावलं म्हणून त्याच्यावर खेकसतो. आपल्या कॉलेजच्या गेटबद्दलच बोलतेय मी. चोराच्या मनात चांदणे!

अग्निवीरांचा विचार केला की मला अजूनच काळजी वाटते. २०२२ ला आलेली योजना चार वर्षांची. आपली डिग्री पण चार वर्षांची! त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करणार, बाकीचे घरी परत. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे परत येणाऱ्यांना ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. एकवीस-बावीस वर्षांची मुलं, म्हणजे आपल्याच वयाची. त्यांच्यातल्या एखाद्याला रात्री झोप लागली नाही तर त्याने कुणाकडे जायचं? निदान मनाच्या उपचारापुरतं तरी दार उघडं ठेवा, एवढं मागणं जास्त नाही.

तुम्ही म्हणाल, हिला काय अधिकार? बरोबर, मी ना फौजी ना डॉक्टर. पण गप्प बसणं काय असतं हे आपल्यालाही माहीत आहे की. २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता. आपल्यालाही केटी लागली की घरी सांगायची हिंमत होत नाही. "मी ठीक आहे" हे वाक्य हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत रोज बोललं जातं. फौजेतला "ऑल ओके सर" आणि आपला "चिल, काही नाही यार" ही सख्खी भावंडं आहेत.

म्हणून दोनच विनंत्या. पहिली : "किती जणांना मारलंस?" हा प्रश्न बंद करा. २६ जानेवारीला जवानाचं स्टेटस जरूर ठेवा, पण त्याला लोखंडाचा करू नका. लोखंडाचा माणूस मदत मागत नाही. दुसरी : "झोप लागते का? जेवण जातं का?" हे दोन प्रश्न विचारायला शिका, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कोणी "आता जगून काय करायचंय" असं बोलून गेलं तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका. टेली मानसचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. फौजी असो, फौजीची बायको असो, की टी.ई.चा विद्यार्थी. मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा, लेख नंतर वाचा!

मामाचं काय झालं? त्या रात्रीनंतर मी मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "मला काय ठाऊक न्हाई व्हय? पण इचारायचं कसं?" दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. पहिल्या वेळेस मामा बाहेरच्या बाकावरून उठून परत आला. दुसऱ्या वेळेस आत गेला. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. सगळं जादूने बरं झालं असं नाही, अजून काही रात्री वाईट जातात. आधी तो गोळ्यांची पट्टी त्याच्या काळ्या ट्रंकेत, गणवेशाच्या खाली लपवून ठेवायचा. मागच्या गणपतीत बघितलं तर ती पट्टी फडताळात, आजीच्या बी.पी.च्या गोळ्यांच्या शेजारी, उघड्यावर होती.

आणि आरतीनंतर माझ्या लहान मावसभावाने विचारलंच, "मामा, तू किती जणांना मारलंस?"

या वेळी मामा उठून गेला नाही. त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. माझा एक दोस्त व्हता, त्याची गोष्ट सांगतो."